अठरा नंबरमधून जाणारी वाट

भागरताबाई माझ्यावर कधी ओरडली नाही. ओरडायला पाहिजे होतं. तिच्या जागी मी असतो तर दारात उभा राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा तमाशा केला असता. माझा स्वभावच तसा आहे, गॅस सिलिंडरवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांना तो माहीत आहे. ती मात्र अकरा वर्षं माझ्या ओट्यावर टोपलं टेकवून, पावशी, म्हणजे विळी, पायाखाली धरून, मुकाट्यानं मासोळी चिरून देत राहिली. तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून मनात आहे की हे कुठेतरी नीट लिहून ठेवावं, आणि दर वेळी बसलो की कागद फाडला आहे.

ती ढीवराची. भंडारा शहराच्या बाहेर जो तलाव आहे त्याच्या पाळीखाली त्यांची तीस-चाळीस घरांची वस्ती. नवरा आणि मुलगा जाळं टाकायचे, ही विकायची. अंगानं काटकुळी, लुगडं घोट्याच्या वर, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर टोपलं. चाल अशी की माझ्यासारख्याला सोबत धावावं लागे. "घ्या ना", "ताजी आहे", असलं काही ती म्हणायची नाही. दारात उभी राहून काय आणलं तेवढं सांगायची: "मरळ आहे, झिंगे आहेत." घेतलं तर ठीक, नाही तर चालती. मेलेली मरळ जिवंत म्हणून तिनं कधी कोणाच्या गळ्यात मारली नाही. "हे सकाळीच मेली जी," असं स्वतःहून सांगायची. बायको म्हणायची, ही बाई धंदा कसा करते कोण जाणे. पण धंदा तिचाच चालायचा.

अंतर ती किलोमीटरमध्ये सांगत नसे. मरळ पाण्याबाहेर बराच वेळ जगते, झिंगे लवकर उतरतात, तेवढंच तिचं माप. जुन्या भंडाऱ्यात, जिथे तिची गिऱ्हाइकं होती, तिथवर झिंगे चांगले राहायचे. एकदा मी गंमत म्हणून विचारलं, कलेक्टर कचेरी किती लांब आहे? ती जरा विचार करून म्हणाली, "तेथवर मरळच न्यावी लागते."

आता ती यायची कुठून ते सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. तलावापासून शहराकडे एक पांदण होती. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मधून जेमतेम बैलगाडी जाईल एवढी वाट. पाळीखालचे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाटेनं शहरात यायचे. भागरताबाईच्या घरची एक रीत होती. नवी सून आली की पहिल्या सोमवारी सासू तिच्या डोक्यावर रिकामं टोपलं द्यायची, सुनेला पुढे घालायची आणि स्वतः मागून चालायची. कुठे वळायचं ते सासू सांगत नसे. सून चुकली तर नुसती थांबायची. भागरताबाई स्वतः दोन ठिकाणी चुकली होती, आणि ती दोन्ही ठिकाणं तिनं मला दाखवली होती. एका ठिकाणी आता मोबाइलचा टॉवर आहे, दुसऱ्या ठिकाणी मंगल कार्यालय.

जुन्या भंडाऱ्यात कोणत्याही बोळीत शिरा, दुसऱ्या टोकाला कुठेतरी बाहेर पडताच. चार घरं चुकलात तरी पाचव्या घरापासून रस्ता सापडतो. शहर वाढलं ते तसं नाही वाढलं. एकेका शेतकऱ्यानं किंवा त्याच्याकडून घेणाऱ्यानं आपापल्या बांधीचे प्लॉट पाडले. प्रत्येकाचा रस्ता हायवेकडून आत येतो, आपल्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या शेवटच्या बांधापर्यंत, जातो आणि तिथे संपतो. पलीकडच्या लेआउटचा रस्ताही त्याच धुऱ्याला येऊन संपतो, फक्त वीस फूट डावीकडे. कोण कोणाशी जोडून देणार? मधे भिंत. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेची घंटा वाजवणारा चपराशी दिसतो, त्यानं पान खाल्लं की नाही तेही कळतं, पण शाळेत जायचं तर हायवेला जाऊन, डिव्हायडरला वळसा घालून, तीन किलोमीटर. पाण्याचा टँकर आत आला की उलटाच मागे न्यावा लागतो. असे एकाला एक लागून पाच लेआउट आहेत.

यातला आमचा लेआउट, हरितकुंज, मी काढला. म्हणजे नकाशा मी काढला. मी खासगी आरेखक होतो. मोजणी झाली की ट्रेसिंग पेपरवर शाईनं प्लॉट पाडून द्यायचे, हे माझं आयुष्यभराचं काम. शेत मोजायचं त्या दिवशी मोहाच्या झाडाखाली मी बोर्ड मांडून बसलो होतो. गावनकाशावर ती पांदण तुटक रेषांनी स्पष्ट होती. मी सवयीनं ती ट्रेसिंगवर उतरवलीसुद्धा. मग लेआउटवाला मागे येऊन उभा राहिला. त्यानं काही धमकी दिली नाही, काही नाही. एवढंच म्हणाला की ही वाट ठेवली तर मधले प्लॉट तिरपे पडतात, आणि तसंही कोण चालतं इथून? मी खिशातली अर्धी पत्ती काढली आणि रेषा खरवडली. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनं अशीच काढतात. वरून नखानं घासून गुळगुळीत केलं. तिथे प्लॉट नंबर अठरा पडला. सतरा नंबरचा मला मिळाला. कसा मिळाला ते तुम्हाला कळलंच असेल.

ते काम संपवून उठतो तर पांदणीच्या बाजूनं, झाडापलीकडून भागरताबाई येताना दिसली. तेव्हा मी तिला ओळखत नव्हतो. ती बोर्डाजवळ थांबली, नकाशाकडे बघितलं, आणि मी आखलेल्या रस्त्यावरून बोट फिरवत शेवटापर्यंत नेलं. बोट ओलं होतं, मी चिडलो. तिनं विचारलं, "रस्ता तं मोठा काढला जी. पण हा जाते कुठी?" मी म्हटलं, पुढे दुसऱ्याची जागा आहे. तिनं टोपलं उचललं आणि गेली.

पुढे आम्ही तिथे घर बांधलं. अठरा नंबर मात्र रिकामाच राहिला. घेणारा दूर कुठेतरी नोकरीला होता, त्यानं ढुंकून पाहिलं नाही. त्यामुळे भागरताबाई रोज सकाळी माझ्या खिडकीशेजारून, त्या रिकाम्या प्लॉटमधून, आपली जुनीच वाट चालत यायची. गवतात पायवाट पडली होती. पाळीखालच्या इतरांनी एव्हाना हायवेनं ऑटोत बसून जायला सुरुवात केली होती. ही एकटी पायी. आणि नुसती मासोळी असेल तेव्हाच नाही. श्रावणात सोमवारी कोणी मासोळीला शिवतसुद्धा नाही, तरी ही रिकामं टोपलं डोक्यावर घेऊन यायची, जुन्या भंडाऱ्याच्या कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत फिरायची. मी एकदा वैतागून म्हटलं, बाई, गुडघे दुखतात म्हणून रडता आणि रिकाम्या टोपल्यानं कायले फिरता?

ती ओट्यावर बसली. खुर्ची दिली तरी ती कधी खुर्चीवर बसली नाही. बशीतला चहा संपवला आणि म्हणाली, "आज कोणी घेत नाई म्हणून मी आली नाई, तं उद्या म्हणतीन येथी वाट नोयतीच."

मी चहाचा कप घेऊन आत गेलो. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, साखर जास्त आहे. तिच्याशी उगाच भांडलो.

मग दिवाकररावांनी अठरा नंबर घेतला. दिवाकरराव म्हणजे आमच्या समोरचे, निवृत्त अधिकारी, लेआउटच्या समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, माझ्या बायपासच्या वेळी रात्रभर दवाखान्यात बसला होता. पण त्यांना आणि सगळ्याच लेआउटला ती मागची मोकळी बाजू खुपत होती. तिथून कोणीही येतं, मासोळीचा वास येतो, भुरटे चोर शिरतात. समितीच्या बैठकीत ठरलं की मागून भिंत घालायची. "इथून वाट वगैरे काही नाही, सँक्शन नकाशात बघा, यांनीच काढलाय," असं म्हणून दिवाकररावांनी माझ्याकडे हात केला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही.

पहिल्या दिवशी गवंड्यानं नुसतं सूत बांधलं आणि पाया खणला. भागरताबाई आली, सुताखालून वाकली आणि चर ओलांडून आली. दुसऱ्या दिवशी विटा गुडघ्याएवढ्या झाल्या होत्या. तिनं टोपलं आधी भिंतीवर ठेवलं, मग लुगडं आवरून एक पाय इकडे टाकला. चौथ्या दिवशी भिंत तिच्या छातीला लागली. मी खिडकीतून बघत होतो. तिनं इकडे तिकडे पाहिलं, टोपलं डोक्यावरून उतरवलं आणि दोन्ही हातांनी भिंतीवर धरून उभी राहिली. हाक मारली नाही. मी बाहेर गेलो, काय करणार? हात वर केले, टोपलं घेतलं. आत मरळी फडफडत होत्या. ती म्हणाली, "ठेवा सावलीत. मी फिरून येते."

फिरून म्हणजे हायवेनं. चार पदरी हायवे, रेतीचे ट्रक एकामागे एक, आणि मधला डिव्हायडर कंबरेएवढा. मी ओट्यावर टोपल्यापाशी बसलो. ओलं फडकं टाकलं, वाळलं, परत ओलं केलं. पाळीखालची एक म्हातारी आदल्या उन्हाळ्यात तोच डिव्हायडर ओलांडताना गेली होती. बायको दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली. हायवेवर करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहायचंही टाळलं. पाऊण तासानं ती आली. कपाळ घामानं थबथबलेलं, डावा गुडघा सुजलेला. टोपल्यात हात घातला, एक मरळ उलटी करून पाहिली आणि बाजूला काढली. "हे गेली," म्हणाली, आणि बाकीच्या घेऊन जुन्या भंडाऱ्याकडे निघून गेली.

असं रोज सुरू झालं. रोज सकाळी ती भिंतीपाशी यायची, मी हात वर करायचो, टोपलं इकडे घ्यायचो, आणि ती हायवेकडे वळायची. रिकामं असेल तेव्हाही टोपलं द्यायचीच. मी म्हटलं, ऑटोनं जा, मी करून देतो. ती हसली. मग म्हटलं, निदान रिकाम्या दिवशी येऊ नका. त्यावर हसलीसुद्धा नाही. दिवाकररावांनी बघितलं तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, तुम्ही तिला सवय लावताय. मी त्यांच्यावर भडकलो, नको तेवढं बोललो. पण जे बोलायला हवं होतं ते सोडून सगळं बोललो. ती ट्रेसिंग माझ्या पलंगाखाली पत्र्याच्या नळीत होती. एकदा बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली. वरून काही कळत नाही, पण उजेडासमोर धरलं की खरवडलेली जागा पांढुरकी दिसते, तुटक तुटक, अठरा नंबरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी ती पुन्हा गुंडाळून ठेवली.

भागरताबाईनं तहसिलीत अर्ज केला, अंगठा लावून. तिच्या मुलानं विरोध केला होता, असल्या मोठ्या लोकांच्या नादी कायले लागते म्हणून. अर्जावर जागेची पाहणी लागली. नायब तहसीलदार बाई स्वतः आल्या, सोबत एक कारकून. भिंतीच्या अलीकडे आम्ही सगळे लेआउटवाले, पलीकडे पाळीखालची पाच-सात माणसं. बाईंनी लेआउटचा सँक्शन नकाशा उघडला, जुना गावनकाशा कचेरीत सापडत नव्हता. नकाशात वाट नव्हती. दिवाकरराव शांतपणे म्हणाले की इथून कोणी येत-जात नाही, ही बाई हायवेनं येते, आम्ही सगळे साक्षीला आहोत. सगळ्यांनी हो म्हटलं. बाईंनी एकेकाकडे पाहिलं आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या. "आरेखक तुम्हीच ना? तुम्हाला काही सांगायचंय?"

मी म्हटलं, नकाशा आहे तो तसाच आहे. बाईंनी वहीत लिहायला सुरुवात केली.

तेवढ्यात भिंतीपलीकडे टोपलं वर आलं. भागरताबाई नेहमीच्या जागी उभी होती. दोन्ही हातांनी रिकामं टोपलं भिंतीवर धरलेलं, नजर खाली. आणि माझे हात वर गेले. शपथेवर सांगतो, मी ठरवलं नव्हतं. ते रोज त्याच वेळी, त्याच जागी वर जायचे, तसेच गेले. टोपलं माझ्या हातात आलं आणि मी ते सावलीत ठेवायला दोन पावलं चाललोसुद्धा. मग ध्यानात आलं की बाईंचं लिहिणं थांबलंय.

नायब तहसीलदार बाई माझ्या हातांकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "रोज घेता?"

मी म्हटलं, "रोज." आणि मग टोपलं ओट्यावर ठेवून आत गेलो, पलंगाखालून नळी काढली. बायको दारातच उभी होती, तिनं वाट सोडली. ट्रेसिंग मी भर उन्हात धरली आणि बोटानं दाखवलं, इथून इथपर्यंत. इथे वाट होती, ती मी खरवडली. दिवाकरराव "अहो, काय हे" म्हणत होते, कारकून वाकून बघत होता. बाईंनी ट्रेसिंग हातात घेतली आणि भिंतीपलीकडे विचारलं, "बाई, तुम्हाला हे माहीत होतं?"

भागरताबाई म्हणाली, "हाव जी. यायनं पत्तीनं खरवडलं तवा मी झाडाच्या मागंच होती. मले वाचता येत नाई, पण खरवडलेलं समजते."

मला त्या क्षणी तिथे उभं राहणं नको झालं. अकरा वर्षं. अकरा वर्षं या बाईनं माझ्या घरचा चहा घेतला, माझ्या मुलीच्या बाळंतपणात निवडून मरळ आणून दिली, माझ्या खिडकीखालून रोज गेली आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. लोक पांगल्यावर मी भिंतीपाशी गेलो. आमच्या बोलीतच विचारलं, "इतके वर्षं बोलल्या काहून नाई?"

ती चुंबळ सोडून झटकत होती. म्हणाली, "मी सांगतली असती तं तुमी नाई म्हणले असते. मंग झालं असतं ना खोटं पक्कं. रोज दिसत राहिली तुमाले. येवढंच माह्या हाती होतं."

निकाल लागायला काही महिने गेले. भिंतीला आठ फुटांचं खिंडार पाडून वाट मोकळी करून द्यावी, असा हुकूम आला. लेआउटमध्ये माझ्याशी बोलणं बंद झालं ते अजून बऱ्याच घरांचं बंदच आहे. दिवाकरराव समोरून आले की मोबाइल कानाला लावतात. मीही कमी नाही, मीही लावतो. आणि पाच लेआउटपैकी हा एकच असा आहे की ज्याच्यातून आता पलीकडे जाता येतं. सकाळी शाळेची पोरं आमच्याच गल्लीतून जातात. त्यात दिवाकररावांचा नातूही असतो.

भागरताबाईला मी शेवटचं पाहिलं ते खिंडार पडल्यानंतरच्या एका सोमवारी. तिच्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं. तिचा गुडघा पार गेला होता, पाळीखालून बाहेर पडत नाही असं ऐकलं होतं. मी ओट्यावर बसलो होतो. खिंडारातून एक नवी सून आली, हातात हिरव्या बांगड्या, डोक्यावर रिकामं टोपलं, मागून काठीचा आवाज. ती अठरा नंबरच्या मधोमध थांबली आणि आमच्या गल्लीचा रुंद डांबरी रस्ता बघून डावीकडे, हायवेच्या बाजूला वळली. चार पावलं गेली असेल. मागे काठीचा आवाज थांबला. सून घुटमळली, मागे पाहिलं, आणि परत फिरून माझ्या घराच्या बाजूनं सरळ निघाली. काठी पुन्हा वाजायला लागली.

सून ओट्याजवळ आली तसा मी उठून उभा राहिलो आणि माझे हात वर गेले, टोपलं घ्यायला. सून बिचारी दचकली. तिच्या मागून भागरताबाई येऊन थांबली. दम लागला होता. माझ्याकडे पाहिलं, तिथल्या पाडलेल्या विटांकडे पाहिलं.

"हात खाली करा जी," ती म्हणाली. "आता लागत नाई."